पावडरचा डबा

पहाटे सव्वापाचला भावसिंगपुऱ्याच्या हजेरी शेडवर
आई मशीनसमोर उभी राहते.
मशीन तिच्याकडं बघतं, आणि बघत नाही.
चेहरा आढळला नाही. पुन्हा प्रयत्न करा.
ती पदर मागं सारते, बॅटरी धरते हनुवटीखाली,
लहानपणी आम्ही भूत व्हायचो तशी.
चेहरा आढळला नाही.
मागं रांगेत खराटे आपटायला लागतात.
मुकादम म्हणतो, मावशी, पावडर लावून येत जा की जरा.

एकवीस वर्षं हा वॉर्ड झाडला तिनं,
कुणाच्या पायरीवर कुठलं कुत्रं झोपतं हे तिला पाठ.
तरी त्या महिन्यात सहा खाडे.
सहा दिवस द्रुपदा खंडू हातागळे
नव्हतीच म्हणे.

मग घरात गुलाबी डबा आला, तीस रुपयांचा.
लाईट न लावता आरशापुढं उभी राहिली,
गालावर पांढरं थापलं
आणि कानामागं तेवढी स्वतः राहिली.
त्या दिवशी मशीननं ओळखलं तिला.
मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होते. पांघरुणातनं बघत होते.

वर्गात आमना होती, ओमदुरमानची.
तिचा फोन तिच्याच तोंडाला उघडायचा नाही.
खिडकीपाशी जाऊन, उन्हाकडं तोंड करून, दाखवलं तिनं मला.
हसली नाही. मीही नाही.
बेगमपुऱ्यात दोघी खोली बघत हिंडलो.
तिला विचारायचे, कुठल्या देशाची?
मला विचारायचे, आडनाव काय?
प्रश्न दोन,
कडी लावल्याचा आवाज एकच.
शेवटी मिळाली ती पिठाच्या गिरणीवर.
दळण सुरू झालं की स्क्रीन थरथरायची.

काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे गाव,
शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं.
आमची घरं कशात, हे विचारायचं राहून गेलं.
देव काळ्या पाषाणाचा चालतो,
मसाला काळा लागतो, गळ्यात मणी काळेच लागतात.
हजेरीला तेवढा उजेड लागतो.

आम्ही चेहरे गोळा करत सुटलो.
टीव्ही सेंटरचा मजूर नाका, वाळूजचं कंपनी गेट,
कचरा डेपो, आमनाच्या ओळखीची होस्टेलची पोरं.
एका चेहऱ्याला पंचवीस रुपये, आणि सही.
एकजण म्हणाला, फोटो घ्याल अन् उद्या राशन बंद कराल.
नाही घेतला. त्याची ओळ तक्त्यात रिकामी ठेवली.
सरांनी दिलेल्या यादीत कातडीचे रंग सहा,
त्यातले चार गोरेच.
आमनानं खाली अजून नऊ चौकटी आखल्या
आणि पहिल्या चौकटीत स्वतःला बसवलं.

बँकेत मॅनेजरनं अर्ज वाचला.
कंपनीचं नाव काळी?
काहीतरी प्रसन्न ठेवा, म्हणाला.
मग आडनावापाशी आला, चष्मा काढून पुसला.
तारण काय?
आईची नोकरी ठेकेदाराची. आमनाचा देश तेव्हा जळत होता,
घरनं फी यायची थांबलेली.
तिसऱ्या बँकेनं दिलं, मागितलं त्याच्या निम्मं.
व्हिसामुळं आमनाची सही कुठल्याच कागदावर चालली नाही.
प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत नाव तिचं आहे.
तिथं कुणी जात नाही, पण आहे.

या जानेवारीत एका शेडवर, चाचणी म्हणून, आमचं मशीन लागलं.
आई पावडर न लावता आली.
(डबा भावाकडं आहे. कॅरमला वापरतो.)
आधी तिनं पदरानं काच पुसली,
कुणाची तरी बोटं उठली होती तिच्यावर.
मग उभी राहिली, अंधारातच, बॅटरी नाही काही नाही.
हिरवी खूण.
बायांनी टाळ्या वाजवल्या, आमनानं तोंड फिरवलं.

वळखलं की गं, आई म्हणाली,
आणि खराटा उचलला.
वळखून काय करायलंय पण ते?
दोन महिन्याचा पगार थकलाय,
तेवढं विचार त्याला.